यूकेत गॅस-विजेचा दर आत्ता फिक्स करावा की व्हेरिएबलवरच राहावं?

ऋतुजा_के

नमस्कार. १ ऑक्टोबर २०२५ पासून ऑफजेमची (ब्रिटनची ऊर्जा नियामक संस्था) प्राइस कॅप, म्हणजे कमाल मर्यादा, परत वाढली, वर्षाला १,७२० पौंडांची १,७५५ झाली. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो, स्टँडर्ड व्हेरिएबलवर (कॅपप्रमाणे बदलणारा दर) आहोत आणि आता दर बांधून घ्यावा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी फिक्स करावा का, यावर घरात चर्चा चालू आहे.

घर तीन बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड, गॅसवरचा कॉम्बी बॉयलर, गाडी पेट्रोलची. पैसे डायरेक्ट डेबिटने (बँकेतून आपोआप जाणारा हप्ता) जातात. गेल्या बारा महिन्यांच्या बिलांवरून वीज ३,४०० युनिट आणि गॅस १४,२०० युनिट (दोन्हीकडे युनिट म्हणजे किलोवॉट-तास).

सध्याचे (ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५) दर: वीज २६.३५ पेन्स युनिट, स्टँडिंग चार्ज (वापर असो-नसो, रोजचा ठरलेला आकार) दिवसाला ५३.६८ पेन्स. गॅस ६.२९ पेन्स, स्टँडिंग चार्ज ३४.०३ पेन्स.
आमच्याच कंपनीच्या दोन ऑफर आहेत. १२ महिन्यांचा फिक्स: वीज २५.१० आणि ४९.५०, गॅस ५.८८ आणि ३१.२०. एक्झिट फी (मुदतीआधी बाहेर पडण्याचा दंड) प्रत्येक इंधनामागे ५० पौंड.
२४ महिन्यांचा फिक्स: वीज २५.९० आणि ५२.००, गॅस ६.१५ आणि ३३.००. एक्झिट फी प्रत्येकी ७५ पौंड.

बारा महिन्यांचा दर कॅपपेक्षा कमी दिसतोय, मग डोळे झाकून घ्यावा का? की एप्रिलमध्ये दर उतरले तर हात चोळत बसावं लागेल? घरात एक मत असंही आहे की कॅप आहे म्हणजे वर्षाचं बिल १,७५५ च्या वर जाणारच नाही, मग कशाला बांधून घ्यायचं?

आकडेमोड

शेवटच्या मतापासून सुरुवात करतो, कारण हा गैरसमज फार महाग पडतो. कॅप बिलावर नाही, दरावर आहे. कंपनी एका युनिटला आणि एका दिवसाच्या स्टँडिंग चार्जला जास्तीत जास्त किती घेऊ शकते, एवढंच ती ठरवते. वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस वापरणाऱ्या, डायरेक्ट डेबिटने पैसे भरणाऱ्या घराला त्या दराने जे बिल येईल ते १,७५५. तुमचा वापर दोन्हीकडे त्याच्या साधारण सव्वापट आहे. तेव्हा तुमचं बिल १,७५५ च्या वर जाणार हे नक्की. शिवाय कॅप व्हेरिएबल टॅरिफला (दरयोजनेला) लागू होते, फिक्सला नाही. फिक्सचा दर कॅपच्या वर असायलाही कायद्याची आडकाठी नाही, म्हणून ‘फिक्स आहे म्हणजे स्वस्तच असणार’ असंही धरू नका.

दुसरं, तुम्ही सध्याचे म्हणून दिलेले दर ही ऑफजेमने जाहीर केलेली सरासरी आहे. तुमच्या बिलावरचे नाहीत. कॅपसाठी ग्रेट ब्रिटनचे चौदा प्रदेश केलेले आहेत आणि प्रत्येकाचे दर वेगळे असतात. विजेचा स्टँडिंग चार्ज तर प्रदेशाप्रमाणे बराच हलतो. ऑफर मात्र तुमच्या पोस्टकोडची आहे. सरासरीशी स्थानिक ऑफर ताडून पाहणं ही यातली सगळ्यात नेहमीची चूक. रीत दाखवण्यापुरते मी तुमचेच आकडे धरतो, तुम्ही बिलावरचे घालून परत करा. दोन्हीकडचे दर ५ टक्के व्हॅट धरून आहेत ना, तेही पाहून घ्या.

व्हेरिएबल, आजचाच दर वर्षभर राहिला तर:
वीज ३,४०० × २६.३५ = ८९५.९० पौंड, स्टँडिंग १९५.९३
गॅस १४,२०० × ६.२९ = ८९३.१८ पौंड, स्टँडिंग १२४.२१
एकूण २,१०९.२२

१२ महिन्यांचा फिक्स:
वीज ८५३.४०, स्टँडिंग १८०.६८
गॅस ८३४.९६, स्टँडिंग ११३.८८
एकूण १,९८२.९२

फरक १२६.३० पौंड, म्हणजे जवळजवळ ६ टक्के. ‘मग कॅप ६ टक्क्यांनी उतरली की फिक्स तोट्यात’ असं बरेचजण इथे म्हणतात आणि तिथेच हिशोब फसतो. कॅप कधी उतरते यावर सगळं आहे, कारण तुमचा गॅस वर्षभर सारखा जळत नाही.

गॅसवर घर तापवणाऱ्या कुटुंबाचा बहुतेक गॅस ऑक्टोबर ते मार्चमध्ये जातो. समजा तुमच्या १४,२०० पैकी १०,६०० या सहा महिन्यांत गेले आणि ३,४०० युनिट विजेपैकी १,९००. कॅप मार्चअखेर आहे तिथेच राहिली, तर फिक्समुळे एवढ्या काळातच ८० पौंड वाचलेले असतील. उरलेल्या एप्रिल ते सप्टेंबरचं व्हेरिएबलचं बिल आजच्या दराने ७८२ पौंड. त्यातून पूर्ण १२६ पौंड भरून निघायला उन्हाळ्यातला दर १६ टक्क्यांनी उतरावा लागेल. सहा नाही, सोळा.

हे कधी झालंय का? २०२४ मध्ये कॅप जानेवारीत १,९२८ होती, एप्रिलला १,६९० झाली, जुलैला १,५६८. म्हणजे आधी १२ टक्के, मग जानेवारीच्या मानाने जवळपास १९. दोन तिमाह्यांची सरासरी धरली तर साधारण साडेपंधरा. म्हणजे तसंच वर्ष परत आलं तरी तुमचा फिक्स जेमतेम बरोबरीत सुटतो. एवढी उतरण अशक्य नाही, पण तिच्या भरवशावर बसण्यासारखीही नाही.

माझं मत: थंडीच्या तोंडावर, कॅपच्या ५-६ टक्के खाली मिळणारा १२ महिन्यांचा फिक्स घ्यावा. हाच फिक्स मार्चअखेरीस समोर आला असता तर इतक्या ठामपणे सांगितलं नसतं, कारण तेव्हा पुढचे सहा महिने कमी वापराचे असतात आणि थांबून पाहायला फारसा खर्च येत नाही.

निळी_ज्योत

वरचा हिशोब बरोबर आहे. ‘दर उतरेल की चढेल’ हा अंदाज कसा बांधायचा त्याबद्दल थोडं.

ऑक्टोबर २०२२ पासून कॅप दर तिमाहीला बदलते: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या एक तारखेला. नवा आकडा साधारण महिनाभर आधी जाहीर होतो, म्हणजे नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात. त्यातला घाऊक किमतीचा भाग एका दिवसाच्या भावावरून ठरत नाही. आधीच्या सुमारे तीन महिन्यांत पुढच्या वर्षभराच्या पुरवठ्याचे सौदे ज्या भावाने झाले, त्यांची सरासरी घेतली जाते आणि ही खिडकी नवी कॅप लागू होण्याच्या दीड महिना आधी बंद होते. एप्रिलच्या कॅपसाठी साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे भाव मोजले जातात.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की बाजारात आज गॅस भडकला तर तुमचा व्हेरिएबल दर आज हलत नाही, दोन-चार महिन्यांनी हलतो. फिक्सच्या ऑफर मात्र काही दिवसांतच बदलतात, कारण कंपनी तुमच्यासाठी लागणारी वीज आणि गॅस आजच्या भावाने पुढच्या वर्षासाठी घेऊन ठेवते. त्यामुळे बाजार चढत असताना स्वस्त फिक्स आधी गायब होतात आणि कॅप मागून वाढते. ‘कॅप वाढली की फिक्स करू’ असं ठरवलेल्याला तोवर महागच फिक्स उरलेला असतो. उलट बाजार उतरत असेल तर फिक्स आधी स्वस्त होतो आणि कॅप मागे राहते. तुमच्या ऑफरमध्ये तेच दिसतंय.

कॉर्नवॉल इनसाइट ही संस्था पुढच्या कॅपचे अंदाज देत असते. खिडकी बंद व्हायच्या सुमाराचा लगतच्या तिमाहीचा अंदाज बराच जवळ जातो, कारण तोवर बरेचसे भाव नोंदले गेलेले असतात. त्यापलीकडच्या तिमाह्यांचे आकडे नुसते दिशा कळायला वाचावेत, त्यांवर पैसे लावू नयेत.

आता या ऑक्टोबरची वाढ नीट पाहा. जुलैमध्ये गॅसचं युनिट ६.३३ पेन्स होतं, ते ६.२९ झालं, म्हणजे उतरलं. पण गॅसचा स्टँडिंग चार्ज २९.८२ वरून ३४.०३ वर गेला. वीज २५.७३ ची २६.३५ आणि तिचा स्टँडिंग चार्ज ५१.३७ वरून ५३.६८. या वेळची वाढ घाऊक गॅसमुळे नाही. कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी १५० पौंडांची वॉर्म होम डिस्काउंट २०२५-२६ च्या हिवाळ्यापासून जास्त कुटुंबांना लागू झाली, तिचा खर्च सगळ्यांच्या बिलात वाटला जातो. वीजजाळं समतोल ठेवण्याचा खर्चही वाढला. म्हणून रोज गॅसचा घाऊक भाव बघणाऱ्यालाही ही वाढ आधी दिसली नसती. फिक्समध्ये असे मधेच वाढणारे आकार कंपनीच्या अंगावर जातात. मुदत संपेपर्यंत ती तुमचा दर वाढवू शकत नाही, व्हॅट बदलला तर तेवढाच अपवाद.

पायलट_लाइट

दराची चर्चा झाली, पण ३,४०० आणि १४,२०० हे आकडे खरे आहेत का? बिलावर रीडिंगच्या शेजारी ‘एस्टिमेटेड’ लिहिलं असेल तर वरचा सगळा हिशोब अंदाजावर उभा आहे. दोन खरी रीडिंग घ्या, शक्यतो वर्षाच्या अंतराची, आणि वजाबाकी करा.

गॅसच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. मीटर युनिट दाखवतच नाही, आकारमान दाखवतो. मीटरच्या काचेखाली घनमीटरची खूण आहे की घनफुटाची, ते बॅटरी धरून वाचा. घनमीटरवाल्यावर दशांशचिन्हाआधी सहसा पाच काळे आकडे आणि पुढे लाल. लाल आकडे रीडिंगमध्ये द्यायचे नाहीत. जुन्या घनफुटी मीटरवर सहसा चारच आकडे कामाचे असतात.

घनमीटरचे युनिट असे होतात: घनमीटर × १.०२२६४ × उष्मांक ÷ ३.६. उष्मांक म्हणजे बिलावरची कॅलरिफिक व्हॅल्यू, साधारण ३९ च्या आसपास. ती ३९.२ असेल तर १०० घनमीटरचे १,११३.५ युनिट. मनातल्या मनात करायचं तर घनमीटरला अकराने गुणा, फार चुकत नाही. घनफुटी मीटर असेल तर आधी २.८३ ने गुणून घनमीटर करायचे.

गोंधळ होतो तो इथे. जुना मीटर काढून नवा बसवला आणि कंपनीच्या नोंदीत प्रकार बदललाच नाही, की घनमीटरच्या रीडिंगला वर २.८३ ने गुणलं जातं. मग गॅसचं बिल जवळपास तिप्पट येतं आणि लोक बॉयलर तपासून घेतात. उलट झालं तर बिल तिसऱ्या हिश्श्याइतकंच येतं आणि एक दिवस फरकाची मागणी येते. अशा मागणीला बारा महिन्यांची मर्यादा आहे: चूक कंपनीची असेल तर त्याआधीच्या वापराचे पैसे ती मागू शकत नाही. बिलावरचा मीटर नंबर आणि पेटीतला नंबर एकच आहे ना, हेही त्याच वेळी बघा. फ्लॅटच्या इमारतीत शेजारच्याचं रीडिंग आपल्या नावावर जाणं नवीन नाही.

सावध_ग्राहक

सगळ्यांनी १२ महिन्यांच्या बाजूने लिहिलंय, म्हणून दुसरी बाजू मांडते. ऋतुजाच्या घराला तो फिक्स बसतो हे मान्य, पण धागा इतरही वाचतील.

वर्षभरात घर बदलायचं असेल तर आधी विचारा: हा फिक्स नव्या पत्त्यावर नेता येतो का, आणि नेला तर दर हाच राहतो की नव्या प्रदेशाचा लागतो? नेता येत नसेल तर १०० पौंडांची एक्झिट फी धरूनच हिशोब करा. तुमच्या १२६ पौंडांतले १०० तिकडेच गेले.

वर्षभरात विजेवरची गाडी घेणार असाल तर साधा एकदराचा फिक्स तुम्हाला अडवेल. गाडीसाठीच्या टॅरिफमध्ये रात्रीचे काही तास वीज दिवसाच्या दराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, कधी त्याहूनही कमी दराने मिळते. त्यासाठी अर्ध्या तासाने रीडिंग पाठवणारा स्मार्ट मीटर हवा आणि त्याला तशी परवानगी दिलेली हवी. अशा वेळी वीज आणि गॅस वेगळे ठेवता येतात हे फार कमी लोक वापरतात. गॅस फिक्स करा, वीज मोकळी ठेवा. दोन्ही एकाच कंपनीकडून घेतलेच पाहिजेत असा नियम नाही.

हीट पंप बसवून गॅस पूर्ण बंद करणार असाल तर गॅसचा मीटर काढून घेईपर्यंत स्टँडिंग चार्ज चालू राहतो. ३४.०३ पेन्सने वर्षाचे १२४ पौंड, एकही युनिट न जाळता. तिथे लांबचा गॅस फिक्स घेण्यात अर्थ नाही.

घाऊक भावानुसार रोज किंवा अर्ध्या तासाला बदलणारी टॅरिफही आहेत. कॅप उतरते तेव्हा ती आधी उतरतात, चढताना तितक्याच वेगाने चढतात. वॉशिंग मशीन, डिशवॉशर, बॅटरी संध्याकाळी चार ते सात या वेळेबाहेर चालवणं ज्यांना जमतं त्यांच्यासाठी ती चांगली. ज्या घरात लहान मूल किंवा आजारी माणूस आहे आणि हीटिंग हवं तेव्हा हवंच, तिथे मी ती सुचवणार नाही.

आणि २०२२ विसरू नका. त्या उन्हाळ्यात कॅप ३,५४९ होणार म्हटल्यावर घाबरून अनेकांनी अव्वाच्या सव्वा दराने वर्ष-दोन वर्षांचे फिक्स घेतले. ऑक्टोबरमध्ये सरकारने एनर्जी प्राइस गॅरंटी आणून नेहमीच्या वापराच्या घराचं बिल २,५०० च्या आसपास रोखलं आणि जुलै २०२३ मध्ये कॅप २,०७४ वर आली. फिक्सवाल्यांनाही युनिटमागे विजेवर १७ आणि गॅसवर ४.२ पेन्सपर्यंत सूट मिळाली, म्हणून ते पुरते बुडाले नाहीत. पण त्याच्या उलटही आहे. २०२१ च्या शरदात कॅप १,२७७ होती आणि फिक्स तिच्या बरेच वर होते. तेव्हा ज्यांनी ते महाग फिक्स घेतले, त्यांच्या शेजारच्या व्हेरिएबलवाल्यांचा दर एप्रिल २०२२ मध्ये १,९७१ वर गेला. तेव्हा कॅपच्या वर की खाली एवढ्यावरून निकाल लावू नका. फिक्स चालू असण्याच्या काळात कॅप सरासरी कुठे असेल, त्याच्याशी ताडा.

ऋतुजा_के

सगळ्यांचे आभार. बिल काढून पाहिलं. आमच्या प्रदेशाचे दर घालून फरक १२६ वरून ११८ पौंडांवर आला. गॅसचं एक रीडिंग एस्टिमेटेड होतं, आज खरं दिलं. मीटर घनमीटरचाच आहे.

दोन शंका राहिल्या. २४ महिन्यांचा घेतला तर दोन हिवाळे सुटतील, ते जास्त शहाणपणाचं नाही का? आणि एप्रिलमध्ये दर खरंच कोसळले तर एक्झिट फी भरून बाहेर पडणं कधी परवडतं?

आकडेमोड

२४ महिन्यांचा, तुमच्या पहिल्या आकड्यांवर: वर्षाला २,०६४.१५, दोन वर्षांचे ४,१२८.३०. बारा महिन्यांच्या फिक्सचं पहिलं वर्ष १,९८२.९२. वजाबाकी २,१४५.३८. म्हणजे बारा महिन्यांचा संपल्यावर पुढच्या वर्षी जी ऑफर मिळेल, ती तुमच्या वापराला २,१४५ पौंडांहून महाग असेल तरच २४ महिन्यांचा फायद्याचा. आजच्या फिक्सपेक्षा ८ टक्के जास्त आणि आजच्या व्हेरिएबलपेक्षाही ३६ पौंड जास्त. पहिल्याच वर्षी ८१ पौंड जादा देऊन ही हमी विकत घ्यायची. बिल ठरावीक असणं ज्यांच्या महिन्याच्या जमाखर्चाला फार गरजेचं आहे, त्यांनी जरूर घ्यावी. बाकीच्यांना मी बाराच सांगेन.

बाहेर पडण्याचं गणित सरळ आहे. उरलेल्या महिन्यांत फिक्सवर किती जाणार, नव्या दराने किती जाणार, आणि फरक १०० पौंडांहून मोठा आहे का, एवढंच बघायचं. आत्तापर्यंत किती वाचले वा गेले, ते त्यात धरायचं नाही. तुमचं एप्रिल ते सप्टेंबरचं फिक्सचं बिल ७३६ पौंड. कॅप एप्रिलला १० टक्क्यांनी उतरली तर व्हेरिएबलवर तेच ७०४. वाचतात ३२, फी १००. हलू नका. फी भरूनही बरोबरी साधायला आजच्या मानाने जवळपास १९ टक्क्यांची घसरण लागेल. उन्हाळ्यात युनिटच कमी असतात, म्हणून एक्झिट फी त्या काळात फार जड पडते.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. मुदत संपायच्या आधीच्या ४९ दिवसांत कुठलीही कंपनी एक्झिट फी घेऊ शकत नाही. तुमचा फिक्स पुढच्या ऑक्टोबरमध्ये संपणार असेल तर ऑगस्टच्या अखेरीसच शोध सुरू करा. तेव्हा ऑक्टोबरची कॅपही जाहीर होत असते, म्हणजे तुलना नेमकी करता येते. काही केलं नाही तर मुदत संपताच तुम्हाला व्हेरिएबलवर टाकतात आणि तेही नेमकं थंडीच्या तोंडावर. दुसरं, काही कंपन्या आपल्याच दुसऱ्या टॅरिफवर जाणाऱ्याला एक्झिट फी माफ करतात. अटींमध्ये ते लिहिलेलं असतं, सही करण्याआधी शोधा.

पायलट_लाइट

आता प्रत्यक्ष बदलताना. तुम्ही त्याच कंपनीत व्हेरिएबलवरून फिक्सवर जाताय, म्हणून कंपनी बदलण्याचा प्रश्न नाही, फक्त एका तारखेपासून दर बदलतो. ती तारीख ईमेलमध्ये लिहून घ्या आणि त्या दिवशी दोन्ही मीटरचं रीडिंग द्या, स्मार्ट मीटर असला तरी. फोटोत आकडे आणि मीटरचा नंबर दोन्ही यायला हवेत. रीडिंग नसेल तर जुन्या दराने किती युनिट गेले हे कंपनी अंदाजाने ठरवते. हिवाळ्यात एका आठवड्यात गॅसचे तीन-चारशे युनिट सहज इकडचे तिकडे होतात.

कंपनी बदलणाऱ्यांसाठी: बदल पाच कामाच्या दिवसांत व्हायला हवा. करार केल्यापासून चौदा दिवस विनादंड रद्द करता येतो. जुन्या कंपनीचं शेवटचं बिल सहा आठवड्यांत यायला हवं आणि खात्यात शिल्लक असेल तर त्या बिलानंतर दहा कामाच्या दिवसांत परत मिळायला हवी. शेवटचं बिल येईपर्यंत जुना डायरेक्ट डेबिट बँकेतून रद्द करू नका. नाहीतर उरलेली रक्कम थकबाकी म्हणून दाखवली जाते आणि शिल्लक परत करायला खातं उरत नाही.

हप्त्याबद्दलही, कारण इथे बरेचजण घाबरतात. मासिक डायरेक्ट डेबिट म्हणजे दर नव्हे. १,९८२.९२ भागिले १२ म्हणजे महिना १६५ पौंड. पण ऑक्टोबरमध्ये शून्य शिलकेने सुरुवात केली तर थंडीच्या सहा महिन्यांचं बिल १,२४७ पौंड होतं आणि हप्ते जमा होतात ९९१. मार्चअखेर खातं २५६ पौंडांनी उणे. ते उन्हाळ्यात भरून निघतं. कंपनीची यंत्रणा मात्र हे उणे बघून फेब्रुवारीतच हप्ता वाढवते आणि लोकांना वाटतं फिक्स मोडला. हप्ता वाढला तर वर्षाचे युनिट, दर आणि सध्याची शिल्लक मांडून कारण विचारा. त्यांना ते द्यावं लागतं.

ऋतुजा_के

१२ महिन्यांचा घेतला, बदलाची तारीख ईमेलमध्ये आली आहे. एक शेवटचं. मधेच कंपनीच बुडाली तर फिक्सचं काय?

निळी_ज्योत

फिक्स जातो, पैसे जात नाहीत. २०२१-२२ मध्ये जवळपास तीस कंपन्या बंद पडल्या तेव्हा बहुतेकांच्या ग्राहकांना ऑफजेमने दुसऱ्या कंपनीकडे सोपवलं. पुरवठा एक क्षणही तुटत नाही आणि खात्यातली शिल्लक सुरक्षित राहते. पण जुन्या कंपनीने दिलेला दर नव्या कंपनीला बांधील नसतो, ती आपल्या व्हेरिएबलवर घेते. अशी बातमी आलीच तर त्या दिवसाचं रीडिंग फोटोसह ठेवा, शेवटचं बिल आणि शिलकेचा आकडा उतरवून घ्या, डायरेक्ट डेबिट तसाच राहू द्या आणि नवी कंपनी संपर्क करेपर्यंत दुसरीकडे जायची घाई करू नका. मधल्या काळात उडी मारली की शिल्लक हस्तांतर रखडतं. नव्या कंपनीकडे नाव लागल्यावर तिथून एक्झिट फी न देता हवं तिकडे जाता येतं.